डी विंग

श्रावण लागला की लोक आभाळाकडे बघतात. मी छताकडे बघते. पेणकरपाड्यातलं हे भाड्याचं घर तसं नवं आहे. छताला पांढरा गुळगुळीत रंग आहे, कुठे पोपडा नाही, डाग नाही. घर बघायला आलो तेव्हा मी स्वयंपाकघराच्या आधी छत बघितलं होतं. एजंटने बाबांना हळूच विचारलं, "मॅडम इंजिनिअर आहेत का?" बाबा म्हणाले, "नाही हो, मराठी शिकवते." अजूनही सकाळी जाग आली की माझी नजर आधी वर जाते. पंख्याच्या हुकापासून सुरुवात करून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत सगळं बघून होतं, तेव्हा कुठे मी पाय जमिनीवर ठेवते. एरवी हे झटकन आटपतं. श्रावणात वेळ लागतो.

आज रविवार. पाऊस मधूनच येतोय, मधूनच थांबतोय, आणि बाबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत. "जायचं ना डी विंगला?" असं त्यांनी चहा पिताना विचारलं, पेपर वाचताना विचारलं आणि मी भाजी निवडत असताना काही न बोलता नुसतं घड्याळाकडे बघितलं. ज्या सोसायटीत आमचा अर्धा जन्म गेला ती आता नाही. तिची ए विंग नाही, बी विंग नाही, आमची सी विंगही नाही. डी विंग मात्र आहे, कारण ती सोसायटीत कधी नव्हतीच.

सोसायटीला तीनच विंग होत्या. आमची सी, रस्त्याला लागून, आणि आम्ही तिच्या तिसऱ्या मजल्यावर. फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर शकीलभाईंचा गाळा. एक शटर, आत तळणीची मोठी कढई, मागे फ्रीज, पुढे फुटपाथवर प्लास्टिकची स्टुलं. वर पाटी, तिच्यावर लाल अक्षरांत 'विंग्स', आणि शेजारी एक कोंबडी, जिला आपण तळले जाणार याचा फारच आनंद झालेला दिसायचा. बी विंगमधल्या कुणीतरी ती पाटी बघून "ही आपली डी विंग" म्हटलं आणि ते नाव चिकटलं. फोनवर "कुठे आहेस?" ला "डी विंगला" असं उत्तर आलं की घरच्यांना कळायचं, आज जेवायला कमी लागणार.

बाबांना सुरुवातीला ते पटत नव्हतं. "पंखात खाण्यासारखं असतं तरी काय?" असं ते म्हणायचे. मग एकदा शकीलभाईंनी त्यांना सांगितलं की लग्नाच्या पार्ट्यांत तुम्ही जे लॉलीपॉप खाता, तेही ह्याच पंखाचं असतं, फक्त मांस वर सरकवून त्याचा गोळा केलेला असतो. बाबा फसवले गेल्यासारखे त्यांच्याकडे बघत राहिले आणि नंतर एक प्लेट मागवली. माशाच्या काट्यांत मुरलेला मालवणकडचा माणूस तो, हाडांचं काय घेऊन बसलात. दोन हाडांचा तुकडा घ्यायचा, बारीक हाड पिळून आधी काढून टाकायचं, उरलेलं एका घासात. मागे राहिलेल्या हाडांकडे गल्लीतली मांजरंसुद्धा ढुंकून बघत नसत. वर कोबीची कोशिंबीर, हिरवी चटणी, आणि "शकीलभाई, आज मिरची कमी पडली" ही तक्रार. दर रविवारी हे असंच चालायचं. फक्त श्रावणात नाही.

श्रावणाचं कारण आई. परळची खोली सुटल्यावर मीरा रोडला सी विंगमधलं घर घेतलं तेव्हा आजूबाजूला मिठागरं आणि चिखल होता. वाऱ्याला खारट वास असायचा आणि रिक्षावाले यायला तयार नसत. आईने उंबऱ्यावर नारळ फोडला आणि तिथल्या तिथे नवस बोलून टाकला, की ह्या घराला काही होऊ नये. घर उभं आहे तोवर ह्या घरातलं कुणी श्रावणात मांसमच्छीला शिवणार नाही. बाबांना विचारलं नव्हतं. ते सामानाच्या टेम्पोवाल्याशी भांडत होते, वर आले तोवर नवस होऊन गेला होता. पुढे दर श्रावणात ते कुरकुरायचे आणि दर श्रावणात पाळायचे. आई गेली त्या वर्षी मला वाटलं, आता हे सोडतील. त्यांनी कुरकुर सोडली, श्रावण सोडला नाही. मी ह्या सगळ्याला हसायचे. घर सिमेंटवर उभं असतं, नवसावर नाही, असं मी त्यांना ऐकवायचे आणि ते म्हणायचे, "सिमेंट तर तू बघतेच आहेस."

बघत होते. मग एका वर्षी सोसायटीच्या इमारतींचं ऑडिट झालं आणि सी विंग राहायला धोकादायक ठरली. फाटकावर नोटीस लागली. पाण्याने तिची शाई ओघळली, पण 'धोकादायक' हा शब्द जाड अक्षरात होता, तो राहिला. जिन्याखाली लोखंडी टेकू लावले. ऑडिटवाल्यांनी भिंतींच्या भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. भेग वाढली तर काच तडकते, म्हणजे कळतं. एक पट्टी आमच्या दाराबाहेर होती, एक माझ्या पलंगाच्या डोक्याशी. त्या काचेने माझी झोप खाल्ली. मुळातच मी भित्री. लहानपणी कुकरच्या शिट्टीलाही घाबरायचे. आता मला घराचे सगळे आवाज वेगवेगळे ऐकू यायला लागले. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली की मी उभी राहायचे. नळात हवा धरली, दार आपटलं, जिन्यात कुणी दणदण उतरलं, की हातातलं काम थांबायचं. कपाट लावताना, वह्या तपासताना, पोळी लाटताना मी कान छताला लावून असायचे, आणि दिवसातून अनेकदा जाऊन काचेवरून बोट फिरवायचे. ती अखंड असली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

आसपासची घरं हळूहळू रिकामी व्हायला लागली. कुणी गावी गेलं, कुणी भाईंदर पूर्वेला भावाकडे, कुणी शांती नगरात भाड्याने. मीही जागा बघून आले होते. पण बाबा हलायला तयार नव्हते.

"बाबा, तुम्हाला भीती नाही का वाटत?"

"वाटते ना," ते म्हणाले. "परळहून पण आम्हाला दुरुस्तीसाठीच बाहेर काढलं होतं. थोड्या महिन्यांसाठी म्हणून. माझे वडील संक्रमण शिबिरात त्याच खोलीची वाट बघत गेले. माणूस आत असतो तोवर घर असतं, नंदा. बाहेर पडला की नुसता कागद."

"आणि छत पडलं तर?"

"तर आत तरी असेन."

म्हणजे एका घरात दोन भित्री माणसं राहत होती. मला घर अंगावर येईल याची भीती, त्यांना घर हातातून जाईल याची. कुणाची भीती मोठी यावरून आम्ही जेवताना भांडायचो, आणि भांडताना दोघंही आवाज बारीक ठेवायचो, भिंतीला धक्का नको म्हणून. आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

श्रावणात पावसाचा जोर वाढला की सी विंगमधली उरलेली मंडळी खाली उतरायची आणि रस्ता ओलांडून शकीलभाईंकडे बसायची. ठरवून नाही, पण दुसरीकडे जाणार कुठे? तिथे पत्रा होता, उजेड होता, आणि तिथून आपली इमारत समोर दिसायची. सगळे तिच्याकडे तोंड करून बसायचे. तळमजल्यावरच्या हंसाबेनही यायच्या. त्यांचा चातुर्मास, कांदा-लसूणसुद्धा बंद, आणि बसायचं कुठे तर चिकनच्या कढईपाशी. पदर नाकाला लावून त्या अगदी कडेच्या स्टुलावर बसायच्या आणि म्हणायच्या, "नंदाबेन, भगवान माफ करेगा ना? जान बचाने का सवाल छे." त्या आल्या की शकीलभाई गॅस बारीक करायचे आणि शेजारून सगळ्यांना चहा मागवायचे. मात्र कुरकुरल्याशिवाय नाही.

"क्या करें टीचर," ते मला म्हणायचे, "तुम्हारे श्रावण में हर साल अपना धंदा बैठ जाता है."

बैठ जाता है हे कानावर पडलं की मी दचकून सी विंगकडे बघायचे. एकदा हे त्यांच्या लक्षात आलं. मग ते माझ्यासमोर धंदा 'ढीला है' म्हणायला लागले.

बाबा यायचे नाहीत. श्रावणात चिकनच्या दुकानात बसायचं आणि तेही घर एकटं सोडून, हे त्यांना दोन्ही बाजूंनी अमान्य होतं. मी हात धरून ओढून बघितलं, अबोला धरून बघितला, रडूनही बघितलं. "तू जा. मी आहे इथे," एवढंच म्हणायचे, जणू ते तिथे असणं हाच एक टेकू होता. मग मी खाली, ते वर. मी स्टुलावर बसून आमच्या खिडकीतला दिवा बघत राहायचे. समोर कढईत काहीतरी पडायचं, चर्र आवाज व्हायचा, पत्र्यावर पाऊसही तसाच वाजायचा, आणि तिखट, लसणीचा, तळणीचा वास ओल्या कपड्यांत शिरायचा. माझ्या भीतीला तो वास कायमचा लागलाय. अजूनही कुणाच्या घरून तळणीचा वास आला की माझे हात गार पडतात.

मग तो दिवस आला. मी भाईंदर पूर्वेला शाळेत होते. सकाळपासून पाऊस थांबला नव्हता, मुलांना लवकर सोडलं होतं आणि आम्ही शिक्षक खोलीत चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. फोन वाजला. शकीलभाई. मागे खूप गलका.

"टीचर, सी विंग खाली हो गया. पूरा खाली. आप आ जाओ."

मी विचारलं, "बाबा?" पण आवाज तुटला. परत लावला, लागेना. बाबांचा लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही. इतका वेळ वाजणारा फोन ढिगाऱ्याखाली कसा वाजेल, हे त्या क्षणी मला सुचलं नाही. मी उलटच चित्र बघितलं. विटांच्या खाली कुठेतरी त्यांच्या शर्टाच्या खिशात तो वाजतोय.

बाहेर पाणी घोट्यापर्यंत होतं. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून येणाऱ्या प्रत्येक रिक्षाला ओरडत होते, "खाली है? खाली है क्या?" एक थांबली. मी बसले. "मीरा रोड. जल्दी भैया." रिक्षा पाण्यातून हळू चालली होती. मी देवाशी बोलत होते की आईशी, ते आठवत नाही. एवढं आठवतं, की मी म्हणत होते, श्रावण तर पाळला ना त्यांनी, एकही दिवस मोडला नाही, मग का? सिमेंटचं वगैरे मी सगळं विसरले होते. बाबांचं शेवटचं वाक्य कोणतं, ते मी आठवायला लागले. सकाळी ते म्हणाले होते, "छत्री घेतलीस का?" मी उत्तर दिलं नव्हतं, कारण आमचा अबोला चालू होता.

माझी अर्धी हयात मीरा रोडला हिंदी बोलण्यात गेली. भाजीवाल्याशी, वॉचमनशी, शेजाऱ्यांशी, सगळ्यांशी. खाली म्हणजे रिकामा हे मला कुणी शिकवायला नको. मी स्वतः त्याच अर्थाने तोच शब्द वापरून रिक्षा थांबवली होती. पण घाबरलेला माणूस बहुतेक आपल्या मातृभाषेतच ऐकतो. विंग खाली झाली, म्हणजे वर होती ती खाली आली, ह्यापलीकडे माझ्या कानाला दुसरा अर्थ ऐकूच आला नाही.

कोपऱ्यावरून रिक्षा वळली आणि सी विंग समोर उभी होती. ओली, काळपट, सगळ्या खिडक्यांसकट. आमच्या खिडकीत वाळत घातलेला माझा पंजाबी ड्रेससुद्धा तसाच होता. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला काही म्हणजे काही कळेना. मग समोरच्या फुटपाथवर माणसं दिसली. सी विंगमध्ये उरलेले सगळे, कुणाच्या हातात देव, कुणाच्या हातात टीव्ही. हंसाबेन मला धरून रडायला लागल्या. मोठा आवाज झाला, जिन्यातली काच फुटली, सगळे धावत बाहेर पडले, असं त्या सांगत होत्या. मी त्यांच्या खांद्यावरून चेहरे बघत होते. बाबा त्यांत नव्हते.

"बाबा वर आहेत," मी म्हटलं. "ते येणारच नाहीत. बाबा वर आहेत." मी रस्ता ओलांडायला निघाले.

शकीलभाईंनी मला अडवलं. "टीचर, मैं बोला ना आपको, खाली हो गया. ऊपर कोई नहीं है." आणि त्यांनी आत बोट दाखवलं.

गाळ्याच्या आत, फ्रीजच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बाबा बसले होते. केसांत, खांद्यावर चुन्याची पांढरी भुकटी. मांडीवर आईचा फोटो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. समोर कागदी प्लेट. ते विंग्स खात होते.

मी तशीच उभी राहिले. त्यांनी बारीक हाड पिळून काढलं, बाजूला ठेवलं, उरलेलं तोंडात घातलं आणि चावत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते, कारण बोटं मसाल्याची होती.

"बाबा, श्रावण आहे," मी म्हटलं. तोंडातून दुसरं काही निघालंच नाही.

"माहितीय."

"मग हे काय करताय?"

"तुझ्या पलंगावर पडला स्लॅबचा तुकडा," ते म्हणाले. "उशीवर. बरोबर डोक्याच्या जागी. एवढा." त्यांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. "मी बाजूच्या खोलीत होतो. जाऊन बघितलं. उशी फाटून कापूस बाहेर आला होता. म्हटलं, हे घर राखण्यासाठी मी श्रावण पाळतोय?" त्यांनी प्लेटकडे बघितलं. "शकीलभाई नाही म्हणत होते. मी म्हटलं, दे बाबा, मला मोडायचाच आहे."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांनी मला हात लावला नाही, तिखट लागेल म्हणून. कोपराने माझ्या डोक्यावर थोपटत राहिले. बाहेर पाऊस पडत होता आणि कढई बंद होती. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती आणि इतकं सुरक्षितही कधी वाटलं नव्हतं.

सी विंग पडली नाही. पाडली. तिच्यामागोमाग ए आणि बीसुद्धा. आता तिथे पत्र्याचं कुंपण आहे, आणि कुंपणावर उंच, चकचकीत इमारतीचं चित्र. चित्रातल्या गच्चीवर झाडं आहेत आणि खाली एक गोरा माणूस कुत्र्याला फिरवतोय. आम्हाला त्यात घर मिळणार आहे, असा कागद आहे. बाबा त्याबद्दल विचारत नाहीत. ते विचारतात डी विंगबद्दल.

तर आज संध्याकाळी आम्ही आलोय. रिक्षातून उतरताना बाबांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, मग फुटपाथवर उभं राहून श्वास सारखा केला. शकीलभाईंनी स्टूल पुसून दिलं. पाटीवरची कोंबडी अजून आनंदात आहे, फक्त रंग उडालाय. प्लेट आली. बाबांनी दोन हाडांचा तुकडा उचलला आणि मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. तो हल्ली थरथरतो. बारीक हाड पहिल्यासारखं पटकन निघत नाही. मी हे रोज बघते, रोज तपासते, पूर्वी काचेवरून बोट फिरवायचे तसं. त्यांनाही ते कळतं. "माझं ऑडिट नको करत जाऊस," असं ते परवाच म्हणाले.

मला भीती वाटते. घराची नाही, घर गेलं तरी माणूस पेणकरपाड्यात राहू शकतो, हे आता कळलंय. बाबांची वाटते. डॉक्टर छातीला यंत्र लावून ऐकतात आणि जरा जास्तच वेळ ऐकतात. घरी मी एका खोलीत असले तरी कान दुसऱ्या खोलीतल्या खोकल्याकडे असतो. खोकला आला तरी दचकते, आणि बराच वेळ आला नाही तर उठून बघून येते.

"एक तरी खा," बाबांनी प्लेट माझ्याकडे सरकवली.

"श्रावण आहे."

"घर पाडलं त्यांनी. आता कसला नवस?"

"तो घराचा होता. माझा वेगळा आहे."

हातातला तुकडा त्यांनी खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. सिमेंटचे दाखले देणाऱ्या मुलीकडे बापाने जसं बघावं तसं. मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत.

"कधीपासून पाळतेयस?"

मी चहाचा घोट घेतला. कढईत काहीतरी पडलं, चर्र आवाज झाला, आणि माझे हात गार पडले.

"तुम्ही खा, बाबा," मी म्हटलं. "गार होतायत."